अब्राहम बराक सालेम

अब्राहम बराक सालेम (१८८२–१९६७) हे तत्कालीन कोची संस्थानातील वकील, विधिमंडळाचे सदस्य, राष्ट्रीय चळवळीतील कार्यकर्ते आणि कोचीच्या ज्यू समाजातील एक अग्रणी पुरुष होते. आपल्याच समाजाच्या सभास्थानात आपल्या घराण्याला व त्यासारख्या इतर घराण्यांना मिळणाऱ्या हीन वागणुकीविरुद्ध त्यांनी दीर्घकाळ शांततामय लढा दिला. त्या लढ्यात त्यांनी सत्याग्रहाच्या मार्गाचा अवलंब केल्यामुळे पुढे ते ‘ज्यू गांधी’ या नावाने ओळखले जाऊ लागले. भारत स्वतंत्र झाल्यानंतर कोचीच्या ज्यूंना इस्रायलमध्ये जाऊन वसता यावे म्हणून त्यांनी बरीच खटपट केली. स्वतः मात्र ते अखेरपर्यंत कोचीतच राहिले.

== पार्श्वभूमी ==

सालेम यांच्या जीवनकार्याचे मोल कळण्यासाठी कोचीच्या ज्यू समाजाची अंतर्गत रचना प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. मलबारच्या किनाऱ्यावरील ज्यूंची वस्ती फार प्राचीन मानली जाते. इ.स. १००० च्या सुमारास चेर राजा भास्कर रविवर्मा याने जोसेफ रब्बान नावाच्या ज्यू प्रमुखाला ताम्रपट देऊन ७२ हक्क बहाल केले. पालखीत बसणे, छत्र धरणे, दिवसा दिवा मिरवणे, काही करांतून सूट असे मानाचे हक्क त्यांत आहेत. हा ताम्रपट कोचीच्या ज्यूंनी आपला सर्वांत मोठा ठेवा म्हणून जपला. मूळ वस्ती कोडुंगल्लूर परिसरात होती. पुढे ती कोची, एर्नाकुलम, परूर, चेंदमंगलम, माळा अशा ठिकाणी पसरली. या जुन्या समाजाला मलबारी ज्यू म्हणतात.

सोळाव्या शतकात या समाजात नव्या लोकांची भर पडली. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली आणि त्यानंतर स्पेन, पोर्तुगाल, सीरिया, इराक अशा निरनिराळ्या देशांतून काही व्यापारी कुटुंबे कोचीला येऊन स्थिरावली. त्यांना परदेशी ज्यू असे नाव पडले. कोचीच्या राजाने मट्टंचेरी येथे आपल्या राजवाड्याला लागूनच त्यांना जागा दिली आणि तेथे १५६८ मध्ये परदेशी सभास्थान उभे राहिले. आज पर्यटक ज्या सभास्थानाला गर्दी करतात ते हेच. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी त्याची नासधूस केली. पुढील वर्षी डच आले आणि त्यांच्या अमदानीत या समाजाला पुन्हा बरे दिवस आले. डच कंपनीशी व्यापार करणाऱ्या एझेकिएल राहाबी यांच्या काळात, १७६० मध्ये, सभास्थानाचा घड्याळाचा मनोरा बांधला गेला. आतील फरशीवर चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्यापांढऱ्या लाद्या आहेत. कोचीच्या चालीप्रमाणे लोक येथे अनवाणीच प्रवेश करीत.

परदेशी ज्यू स्वतःला ‘गोरे’ म्हणवीत आणि त्यांच्याहून कितीतरी शतके आधी आलेल्या मलबारी ज्यूंना ‘काळे’ म्हणत. दोघांत बेटीव्यवहार नव्हता. पंथ एक, प्रार्थना एक, सण एक, खाण्यापिण्याचे नियमही एकच. तरीही एक दुसऱ्याला आपला म्हणायला तयार नाही, असा हा प्रकार होता. मराठी वाचकाला हे चित्र अपरिचित वाटणार नाही. कोकणातील बेने इस्रायल समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते व त्यांच्यात लग्नसंबंध होत नसत. भारतात आलेला कोणताही धर्म जातीच्या सवयीतून पूर्णपणे सुटला नाही, असे म्हणावे लागते.

या दोन गटांखेरीज तिसराही एक लहान गट होता आणि सालेम त्या गटात जन्मले. त्याला ‘मेशुहरारिम’ म्हणत. या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘मुक्त केलेले’ असा होतो. श्रीमंत ज्यू कुटुंबांत पूर्वी दास-दासी असत. त्यांना विधिपूर्वक ज्यू धर्माची दीक्षा देऊन मुक्त केले जाई. अशा दासींच्या पोटी यजमानांपासून झालेली संततीही या गटात मोडे. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे विधिपूर्वक स्नान करून मुक्त झालेला दास हा ज्यूच असतो आणि धर्मपालनाची सर्व कर्तव्ये त्याच्यावर येतात. सोळाव्या शतकात कोचीच्या या भेदाचा प्रश्न कैरो येथील प्रख्यात धर्मशास्त्री डेव्हिड इब्न झिम्रा यांच्याकडे निर्णयासाठी गेला होता, आणि दीक्षेचे विधी यथासांग झाले असतील तर अशा लोकांशी विवाहसंबंधही करण्यास हरकत नाही, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. शास्त्राचा निर्णय आला; परंतु रूढी जागची हलली नाही.

परदेशी सभास्थानात मेशुहरारिम कुटुंबांना येण्याची बंदी नव्हती. त्यांना तेथे येऊन मागे, जमिनीवर किंवा बाहेरच्या दालनात बसावे लागे. बाकांवर बसण्याचा हक्क त्यांना नव्हता. तोरा या पवित्र ग्रंथाच्या वाचनासाठी पीठावर बोलावले जाणे हा ज्यू पुरुषाच्या धार्मिक जीवनातील मोठा मान असतो. तो त्यांच्या वाट्याला येत नसे. प्रार्थना चालवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. गोऱ्या कुटुंबांशी लग्न तर दूरच राहिले. मृत्यूनंतरही दफनभूमीत त्यांची जागा वेगळी असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यापैकी काहींनी वेगळे निघून स्वतंत्रपणे प्रार्थना करण्याचा प्रयत्न केला होता, पण तो टिकला नाही आणि त्यांना पुन्हा त्याच दालनात यावे लागले.

== जन्म आणि शिक्षण ==

सालेम यांचा जन्म १८८२ मध्ये कोची येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले व त्यानंतर ते मद्रासला गेले. तेथे त्यांनी पदवी आणि कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. मेशुहरारिम समाजातून पदवीपर्यंत पोहोचलेले आणि वकील झालेले ते पहिलेच. त्या काळी कोची संस्थानातील तरुणाला वरच्या शिक्षणासाठी मद्रास हेच ठिकाण होते. मद्रासला गेलेल्या या पिढीतील अनेकांना तेथे नुसती पदवी मिळाली नाही. संस्थानाबाहेरच्या राजकारणाचे, सभा-संमेलनांचे आणि वृत्तपत्रांचे वारेही लागले.

परत येऊन त्यांनी एर्नाकुलम येथे वकिली सुरू केली. यामुळे त्यांच्या जीवनात एक विलक्षण विसंगती निर्माण झाली. आठवड्याचे सहा दिवस ते न्यायालयात उभे राहून सर्व जातिधर्मांच्या अशिलांची बाजू मांडीत आणि न्यायाधीश त्यांचे म्हणणे ऐकून घेत. शनिवारी मात्र, शब्बाथच्या प्रार्थनेला, याच वकिलाने सभास्थानात मागे जमिनीवर बसावे अशी अपेक्षा असे. आणि समोरच्या बाकांवर शिक्षणाने व कर्तृत्वाने त्यांच्याहून उणी असलेली माणसे निर्वेधपणे बसलेली असत. सालेम यांना हा प्रश्न वैयक्तिक मानापमानाचा म्हणून सोडवता आला असता. एर्नाकुलमला मलबारी ज्यूंची सभास्थाने होती. शिकलेल्या, वजनदार वकिलाला एखाद्या ठिकाणी सन्मानाने सामावून घेतले जाणे अशक्य नव्हते. त्यांनी तो मार्ग पत्करला नाही. ज्या सभास्थानात आपले आईवडील, आजीआजोबा प्रार्थना करीत आले तेथेच, आणि पूर्ण हक्काने, बसायचे असा त्यांचा आग्रह होता.

== सभास्थानातील सत्याग्रह ==

सालेम यांचा लढा एका दिवसात घडलेला प्रसंग नव्हता. तो अनेक वर्षे, चढउतारांसह, चालला. त्यांनी काही काळ परदेशी सभास्थानावर बहिष्कार टाकला. पुन्हा तेथे जाऊन, बसण्याच्या व प्रार्थनेच्या रूढ बंधनांना शांतपणे विरोध करण्याचा मार्गही स्वीकारला. आपल्या मुलांनाही त्यांनी या लढ्यात बरोबर घेतले होते. युक्तिवाद करणे हा त्यांचा व्यवसायच होता आणि त्याचा उपयोग त्यांनी येथेही केला. हा भेद धर्माज्ञेतून आलेला नाही, केवळ रूढीतून आणि सोयीतून आलेला आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

हा काळ केरळमध्ये सामाजिक समतेच्या चळवळींचा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. शेजारच्या त्रावणकोर संस्थानात १९२४–२५ मध्ये वायकोमचा सत्याग्रह झाला. वायकोमच्या महादेव मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून अवर्ण मानलेल्या लोकांना चालू द्यावे एवढीच त्यातील मागणी होती आणि त्यासाठी स्वतः महात्मा गांधी १९२५ मध्ये तेथे आले होते. १९३६ मध्ये त्रावणकोरच्या महाराजांनी मंदिर प्रवेशाची घोषणा केली. महाराष्ट्रातही याच सुमारास १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा आणि १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झाला. देवाच्या दारात माणसामाणसांत भेद का, हा प्रश्न या सर्व ठिकाणी विचारला जात होता. सालेम यांनी तोच प्रश्न ज्यू सभास्थानाच्या दारात विचारला.

फरक मात्र मोठा होता. वायकोम किंवा नाशिक येथे हजारोंचा समुदाय होता, वृत्तपत्रांचे लक्ष होते, देशभरातील नेत्यांचा पाठिंबा होता. मट्टंचेरीच्या ज्यू टाउनमध्ये एकच गल्ली होती. दोन्ही बाजूंना घरे, एका टोकाला सभास्थान. परदेशी समाजाची एकूण संख्याच काही शेकड्यांच्या आत होती आणि मेशुहरारिम त्याहूनही थोडे. ज्यांच्याविरुद्ध लढायचे ते शत्रू नव्हते, रोज दाराशी दिसणारे शेजारी होते. सणाच्या दिवशी त्यांच्याच बरोबर प्रार्थना म्हणायची, आजारपणात त्यांच्याच मदतीने उभे राहायचे, आणि तरीही हक्क सोडायचा नाही. मोठ्या चळवळीत माणसाला गर्दीचा आधार मिळतो. अशा चिमुकल्या समाजात लढणाऱ्याला एकटेपणाची किंमत मोजावी लागते. सालेम यांच्या धैर्याचे माप काढायचे तर ही गोष्ट विसरता कामा नये.

याच काळात, १९२९ मध्ये, त्यांनी परदेशी सभास्थानावर ‘इटर्नल लाइट’ या नावाची एक इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. ज्या वास्तूत आपल्याला बाक नाकारला गेला तिचीच ओळख त्यांनी आस्थेने जगाला करून दिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांचे भांडण सभास्थानाशी नव्हते.

हळूहळू बंधने सैल होऊ लागली. प्रथम मागच्या बाजूस का होईना, पण बाकांवर बसण्याची मुभा मिळाली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मँडेलबॉम हे १९३७ मध्ये कोचीला आले असता त्यांना जुने अनेक निर्बंध मोडीत निघाल्याचे आढळले. पुढील काळात मेशुहरारिम पुरुषांना तोरा वाचनासाठी बोलावले जाऊ लागले आणि सालेम यांच्या पुढील पिढीने सभास्थानात पूर्ण भाग घेतला. सर्वांत चिवट ठरली ती विवाहाची बंदी. १९५० मध्ये सालेम यांच्या मुलाचे लग्न एका प्रतिष्ठित गोऱ्या परदेशी घराण्यातील मुलीशी झाले, तेव्हा समाजातून त्याला मोठा विरोध झाला. पण लग्न झाले, आणि दोन्ही गटांमधील भिंतीला पडलेले ते पहिले भगदाड ठरले.

या यशामागे सालेम यांची चिकाटी होती हे खरेच. परंतु आणखी एक कारणही होते. ज्यू धर्मात किमान दहा प्रौढ पुरुष असल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना पूर्ण विधीने होत नाही. आकसत चाललेल्या समाजाला माणसे दूर ठेवणे दिवसेंदिवस महाग पडत जाते.

== राजकीय आणि सार्वजनिक जीवन ==

सभास्थानातील लढा हा सालेम यांच्या कार्याचा एक भाग होता. एर्नाकुलमच्या सार्वजनिक जीवनातही ते अग्रभागी होते. कोची संस्थानात १९२५ मध्ये विधिमंडळाची स्थापना झाली. सालेम १९२५ ते १९३१ आणि पुन्हा १९३९ ते १९४५ असे दोन वेळा त्याचे सदस्य होते. तेथे ज्यू समाजाचे म्हणणे मांडण्याबरोबरच इतर उपेक्षित वर्गांच्या प्रश्नांतही त्यांनी लक्ष घातले. कामगारांच्या संघटनांच्या कामातही त्यांचा सहभाग होता. कोचीसारख्या बंदराच्या गावात हमाल, नावाडी आणि गोदीतील मजूर यांची मोठी वस्ती असते. संस्थानी राजवटीत अशा लोकांची बाजू घेणे हे वकिलाच्या धंद्याला पोषक ठरणारे काम नव्हे.

ते उत्तम वक्ते होते. एर्नाकुलममधील मातीच्या एका उंचवट्यावर उभे राहून ते जमलेल्या लोकांसमोर भाषणे करीत. त्या जागेला लोक ‘सालेम कुन्न’, म्हणजे सालेम यांची टेकडी, असे म्हणू लागले होते. सभागृहात बोलणारा प्रतिनिधी आणि उघड्यावर बोलणारा लोकवक्ता अशी दोन्ही नाती त्यांनी सांभाळली.

राष्ट्रीय चळवळीशी त्यांचा संबंध केवळ सहानुभूतीचा नव्हता. डिसेंबर १९२९ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली लाहोर येथे झालेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाला ते उपस्थित होते. याच अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. कोचीहून लाहोर म्हणजे त्या काळच्या हिंदुस्थानचे एक टोक ते दुसरे टोक. शिवाय सालेम हे ब्रिटिश हिंदुस्थानचे नागरिक नव्हते, तर एका संस्थानचे प्रजाजन होते. आणि संस्थानांच्या अंतर्गत कारभारापासून काँग्रेस त्या काळी अंतर राखून होती. तरीही ते गेले. कोचीच्या महाराजांनी ज्यूंना शतकानुशतके आश्रय दिला होता व समाजातील प्रतिष्ठित मंडळी राजनिष्ठ आणि सरकारधार्जिणी होती. अशा समाजातून पूर्ण स्वराज्याच्या सभेला जाणारा माणूस विरळाच म्हटला पाहिजे.

== पॅलेस्टाइनची भेट ==

१९३३ मध्ये सालेम यांनी पॅलेस्टाइनचा प्रवास केला. त्या वेळी तेथे ब्रिटिशांची राजवट होती आणि युरोपातून येणाऱ्या ज्यूंच्या वसाहती वाढत होत्या. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. या प्रवासाने सालेम यांच्या मनावर खोल ठसा उमटवला आणि ज्यूंच्या राष्ट्रीय पुनरुत्थानाच्या चळवळीचे ते समर्थक झाले. कोचीच्या ज्यूंच्या नित्य प्रार्थनेत जेरुसलेमला परत जाण्याची आस पिढ्यान् पिढ्या होतीच. तिला आता राजकीय अर्थ प्राप्त होऊ लागला होता.

भारतीय स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता आणि ज्यू राष्ट्राचा पुरस्कर्ता या दोन भूमिका एकाच माणसात कशा नांदल्या, असा प्रश्न पडू शकतो. खुद्द गांधीजींना पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिशांच्या बळावर ज्यू राष्ट्र उभारणे मान्य नव्हते, त्यामुळे हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. सालेम यांच्या दृष्टीने मात्र या दोहोंत विरोध नसावा. परक्याच्या दयेवर न जगता स्वतःच्या हक्काने जगावे, ही एकच ओढ त्यांच्या तिन्ही लढ्यांत दिसते: सभास्थानात, संस्थानात आणि पुढे स्थलांतराच्या कार्यात. हे लढे परस्परांना पूरक होते की नाही याविषयी मतभेद होऊ शकतात. आणि पॅलेस्टाइनमधील अरबांचे काय, हा प्रश्न त्या पिढीतील अनेकांप्रमाणे त्यांच्याही बाबतीत शिल्लक राहतो.

== स्थलांतराचे कार्य ==

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला आणि १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली. त्या वेळी कोचीच्या ज्यूंची एकूण संख्या सुमारे अडीच हजार होती. त्यांतील बहुसंख्य मलबारी ज्यू होते. भारतात त्यांचा छळ झाला नव्हता, त्यांना कोणी हुसकावले नव्हते. तरीही मोठ्या संख्येने त्यांनी जाण्याचा निर्णय केला. धर्मश्रद्धा हे त्याचे मुख्य कारण होते आणि बिकट आर्थिक स्थिती हे दुसरे.

परंतु जाणे सोपे नव्हते. केरळच्या किनाऱ्यावर हत्तीपाय रोगाचा प्रादुर्भाव असल्याने इस्रायलच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी शंका उपस्थित केल्या आणि कोचीच्या लोकांना प्रवेश देण्यास विलंब लावला. अनेक कुटुंबांनी घरदार, दुकान, गुरेढोरे विकून जाण्याची तयारी केलेली होती. त्यांची स्थिती कठीण झाली. इकडचे मोडले आणि तिकडचे उघडेना. एका विशिष्ट किनाऱ्यावरचा रोग हे कारण पुढे केले गेले तरी, युरोपीय ज्यूंना मिळालेली तत्परता आपल्याला मिळत नाही, असे कोचीकरांना वाटल्यास नवल नव्हते. या काळात सत्तरीच्या आसपास असलेले सालेम यांनी या लोकांचे म्हणणे मांडण्याचे काम अंगावर घेतले. पन्नासच्या दशकात ते स्वतः इस्रायलला गेले आणि जाऊ इच्छिणाऱ्या कोचीच्या ज्यूंच्या वतीने तेथील अधिकाऱ्यांशी त्यांनी बोलणी केली.

येथे एक गोष्ट विशेष नमूद केली पाहिजे. ज्या मलबारी ज्यूंसाठी सालेम झटले ते त्यांच्या सभास्थानाचे नव्हते. परदेशी आणि मलबारी यांच्यातील दरी तेव्हाही बुजलेली नव्हती. तिसऱ्याच, सर्वांत लहान आणि सर्वांत उपेक्षित गटातील माणूस साऱ्या कोची ज्यूंचा प्रतिनिधी होऊन परदेशी सरकारशी बोलतो, ही घटना तीस वर्षांपूर्वी कल्पनेतही आली नसती.

१९५३ ते १९५५ या काळात मलबारी ज्यूंचे मोठे स्थलांतर झाले. गावेच्या गावे रिकामी झाली. माळा येथील समाजाने जाण्यापूर्वी आपले सभास्थान आणि दफनभूमी स्थानिक पंचायतीच्या हवाली केली. इस्रायलमध्ये या लोकांना सीमेवरच्या व ओसाड भागांतील सहकारी शेतवसाहतींत वसवण्यात आले. नेगेव्ह वाळवंटातील नेवातिम आणि जेरुसलेमजवळील मेसिलात झियोन या त्यांच्या वसाहती पुढे नावारूपाला आल्या. नारळीच्या बागांतून गेलेल्या माणसांनी वाळवंटात कोंबड्या पाळल्या आणि फुलशेती केली.

परदेशी ज्यूंपैकी अनेकांजवळ स्थावर मालमत्ता होती. भारतातून पैसा बाहेर नेण्यावर निर्बंध असल्याने त्यांतील बरीच कुटुंबे त्या वेळी मागे राहिली आणि पुढील दोन-तीन दशकांत थोडी थोडी करून गेली.

== मराठी प्रदेशाशी संबंध ==

कोचीच्या ज्यूंचा आणि कोकण-मुंबईच्या बेने इस्रायल समाजाचा संबंध जुना आहे. मुंबईतील पहिले सभास्थान १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे तोरा ग्रंथाच्या प्रती मिळवण्यासाठी कोचीला गेले आणि तेथेच १७९७ मध्ये निधन पावले. एकोणिसाव्या शतकात कोचीहून आलेल्या शिक्षकांनी बेने इस्रायल मंडळींना हिब्रू प्रार्थना आणि धर्मविधी शिकवले. त्यामुळे कोचीत घडणाऱ्या गोष्टींकडे कुलाबा जिल्ह्यातील व मुंबईतील ज्यूंचे लक्ष असे. सालेम यांनी ज्या प्रकारच्या भेदाविरुद्ध झुंज दिली तसाच भेद बेने इस्रायलांमधील ‘काळ्यां’नीही सोसला होता. पुढे इस्रायलमध्ये गेल्यावर तर खुद्द बेने इस्रायल समाजालाच, त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली गेल्याने, विवाहाच्या हक्कासाठी आंदोलन करावे लागले. १९६४ मध्ये त्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या वेळी सालेम हयात होते.

== अखेरची वर्षे ==

ज्यांना पाठवण्यासाठी त्यांनी एवढी धडपड केली त्यांच्याबरोबर सालेम स्वतः गेले नाहीत. ते ज्यू टाउनमध्येच राहिले. एका अर्थाने हे त्यांच्या आयुष्याशी सुसंगतच होते. ज्या गल्लीत त्यांनी बसण्याची जागा भांडून मिळवली ती सोडून नव्या देशात नव्याने जागा शोधण्याची इच्छा त्यांना नसावी. १९६७ मध्ये कोची येथे त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, परदेशी सभास्थानाचा चारशेवा वर्धापन सोहळा झाला. पंतप्रधान इंदिरा गांधी त्याला उपस्थित होत्या आणि भारतीय टपाल खात्याने सभास्थानाचे चित्र असलेले तिकीट काढले.

सालेम नियमितपणे दैनंदिनी लिहीत असत. कोचीच्या ज्यूंवर संशोधन करणाऱ्या पुढील अभ्यासकांना या दैनंदिनींचा चांगला उपयोग झाला. मट्टंचेरीच्या ज्यू टाउनमधील रस्त्याला आज ए. बी. सालेम रोड असे नाव आहे.